काळ्या कुसाळीची पेज

६ एप्रिल

पिशवी काढल्याला आज नववा दिवस. टाके ओढतात. बाकी काही नाही.

डॉ. म्हणाल्या होत्या, रडू येईल, चिडचिड होईल, घरच्यांनी सांभाळून घ्या. श्री तेव्हापासून तयारीत आहे. ऑफिसला निघताना दारात थांबून माझ्याकडे बघतो. नवरा बिचारा. मी पंख्याकडे बघत असते. पंखा फिरतो.

संध्याकाळी शालन आली. मं. पेठेतल्या आमच्या गाळ्यातलं काम आवरून थेट. हातात स्टीलचा डबा, त्यात पेज, वर तुपाचा ठिपका. रंग तांबूस.

"काळ्या भाताची हाय ताई. आमच्या सासूबाई म्हणत्यात, बाईचं पोट उघडलं की हीच द्यायची. आतनं भरून निघतंय."

प्याले. गरम होती एवढं कळलं.

"कशी झालीया?"

"छान."

कुठून आणला भात, विचारलं नाही. वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही, जिने चढायचे नाहीत. सहा आठवडे. विचारायचं नाही असं कोणी सांगितलेलं नाही, ते माझं मीच.

९ एप्रिल

पुण्याच्या दुकानातून कुलकर्णींचा फोन. आवाज उत्साही. "मॅडम, पाकिटात घालायची चिठ्ठी तेवढी राहिलीय. तुमच्या हातची हवी."

आमच्या प्रत्येक पाकिटात चिठ्ठी असते. नाचणीचं आंबिलाचं पीठ असो, जोंधळ्याच्या लाह्या असोत. कुणी पिकवलं, कसं शिजवायचं. शालन आणि रेखा दळतात, भाजतात, भरतात. मी चिठ्ठ्या लिहिते. पाच वर्षं हेच. ही चिठ्ठी आक्काच्या उकड्या तांदळाची. दुकानात जाणारा आमचा पहिलाच तांदूळ.

उशीवर वही ठेवून लिहिलं:

"हा तांदूळ आजरा तालुक्यातल्या एका उताराच्या रानातला. सात जातींचं बी एकत्र पेरलेलं, एकत्र कापलेलं. पांढरा, तांबडा, बारीक, ठोकळ असे दाणे एका मुठीत दिसतील. ही भेसळ नाही."

शेवटचं वाक्य खोडलं. परत लिहिलं.

आक्काला पहिल्या भेटीत मी विचारलं होतं, एकच चांगली जात का नाही पेरत. सत्तरीची बाई, कमरेवर हात. "पाऊस काय मला इचारून येतोय? लई झाला तर ठोकळी उभी ऱ्हाती. कमी झाला तर तांबडी हाय. आन् काळ्या कुसाळीला डुक्कर तोंड लावत न्हाय, कुसळं टोचत्यात की नाकाला." मग माझ्याकडे नीट बघून, "तू शाळा शिकल्याली दिसतीस."

ते आठवून एरवी हसू यायचं.

१२ एप्रिल

मुलीचा फोन. परीक्षा चालू आहेत. ये म्हटलं नाही. येऊ का, असं तिने दोनदा विचारलं.

पेज रोज येते. शालन नसेल तेव्हा रेखा आणते. डबा धुवून परत द्यायचा एवढं माझं काम.

आक्काचं बी आमच्याकडे आहे ते आठवलं. फेब्रुवारीत उकड्याचं भात टेम्पोतून आलं, तेव्हा आक्का स्वतः पुढच्या सीटवर बसून आली होती, मांडीवर लहान पोतं. खाली ठेवायला तयार नव्हती. "हे गिरणीचं न्हवं. हे बी हाय. घरात ठिवलं तर दत्ता उकडून टाकंल. धूळवाफेला घिऊन ये." धूळवाफ म्हणजे पावसाआधीची कोरडी पेरणी.

दत्ता तिचा मुलगा. वाईट नाही. त्याचं म्हणणं एवढंच की सात जाती सात वेगवेगळ्या वेळी पिकतात आणि कापणीला माणूस एकदाच मिळतो. यंदा तांदूळ विकला गेला तर आईच्या अर्ध्या एकरात भात, नाही तर तिथंही ऊस. असं त्याने माझ्यासमोर सांगितलं. आक्का काही बोलली नाही. बी माझ्याकडे आणून ठेवलं, हेच तिचं बोलणं.

तेवढंच बी आहे. गावात दुसरं कोणी आता मिसळीचं पेरत नाही.

१५ एप्रिल

दुपारी आरशासमोर उभी होते. बराच वेळ. पोटावर हात ठेवला. हात पोटाचा नाही आणि पोट हाताचं नाही, असं काहीतरी. लिहून बघितलं तर खोटं वाटतंय.

श्रीने वरण-भात केला. वरणात मीठ विसरला. मला कळलं नाही. त्याला कळलं तेव्हा त्याने माझ्याकडे फार वाईट वाटून बघितलं.

१९ एप्रिल

आज मं. पेठेत गेले. रिक्षाने, सावकाश. श्री नको म्हणत होता.

शालन दारातच. "आलीस बाई, ये ये. खुर्ची आण गं रेखा." उत्साहात ती मला 'तुम्ही' म्हणायचं विसरते. मग दोघी एकमेकींकडे बघून गप्प. काहीतरी दाखवायचं होतं त्यांना.

फळीवर डबे मांडलेले. पत्र्याचे, धुवून पुसून, प्रत्येकावर कागद चिकटवलेला. रेखाचं अक्षर: पांढरा बारीक. पांढरा जाड. तांबडा. पिवळी साल. असे सहा.

"हे काय?"

"ते आक्काचं भात न्हाय का, कोपऱ्यातलं? सगळी मिसळ झालती त्यात. तुमी दवाखान्यात, काम थंड. म्हटलं निवडून ठिवूया. तीन हप्तं बसलोय ताई दोघी, मान मोडली." शालनने एक झाकण उघडलं, दाणे ओंजळीत घेऊन माझ्यापुढे धरले. "बघा की. एक येगळा दाणा दावा, मी नाव बदलीन."

वेगळा दाणा नव्हता.

खरंच नव्हता. लग्नाचे तांदूळ निवडावेत तसं निवडलं होतं. या पेठेत कुणाच्याही घरी कार्य असलं तर निवडायला शालनला बोलावतात. तिच्या सुपातून खडा सुटत नाही असं नाव आहे तिचं. पाच वर्षं मी त्यांना हेच सांगत आलेय: आपल्या पाकिटात एक खडा, एक काडी जाता कामा नये.

बी आहे ते, मी सांगितलं नव्हतं. टेम्पो आला त्या दिवशी शालन भाचीच्या लग्नाला गेली होती. नंतर सांगायचं राहिलं. मग माझी ऑपरेशनची तारीख लागली.

"हरकत नाही," म्हटलं. "परत एकत्र करू."

दोघींचे चेहरे.

मग मी डबे मोजले. सहा. आक्का सात म्हणते.

"काळं कुठे आहे? काळ्या टरफलाचं, लांब कुसळांचं?"

शालन हसली. "ते व्हय. ते तर तुमच्यासाठीच पयलं काढलं. त्ये काढायला बसलो, तवाच बाकीची भेसळ दिसली. रोज मूठभर कांडून पेज करतोय की तुमची."



२० एप्रिल

काल पुढचं लिहिलं नाही. लिहिते.

मी विचारलं, किती उरलंय. शालनने बरणी दाखवली. तळाशी दोन मुठी, सोललेले, तांबूस दाणे. "दोन दिवसाचं हाय अजून."

"कच्चंच कांडलं का?"

"न्हाय, जरा भाजून. हलकं पडतंय पोटाला."

मग मी सांगितलं. आवाज न चढवता. बी होतं, एवढंच होतं, आक्काने ठेवायला दिलं होतं. रेखा उठून आत गेली. शालन उभीच. मग म्हणाली, "मला कुणी सांगितलं न्हवतं." ते खरं होतं. मग म्हणाली, "तुमचा चेहरा बघवत न्हवता ताई." तेही.

बरणी घरी आणली. भाजलेला दाणा उगवत नाही हे मला माहीत आहे. तरी मूठभर ओल्या फडक्यात बांधून स्वयंपाकघरात ठेवलेत. श्रीला सांगितलं. त्याने सकाळी उठल्या उठल्या फडकं चाचपून पाहिलं. 

विक्रीच्या पाकिटांत काळी आहे. पण तो उकडा, वाफवून वाळवलेला. खाता येतो. पेरता येत नाही.

२४ एप्रिल

फडक्याला आंबूस वास आला. टाकून दिलं.

शालन तीन दिवस आली नाही. रेखा म्हणाली, ताप आहे. ताप नाही हे तिलाही माहीत होतं, मलाही. पेज बंद झाली. संध्याकाळी त्या वेळेला दाराकडे लक्ष जातं.

३० एप्रिल

कुलकर्णींना चिठ्ठीचा मजकूर पाठवला. त्यांना आवडला. त्यांना ती 'ही भेसळ नाही' ओळ मोठ्या अक्षरात, पाकिटाच्या बाहेर हवी आहे.

मग म्हणाले, "पण मॅडम, एक. गिऱ्हाईक एकदा घेऊन गेलं की पुढच्या वर्षी तेच मागणार. हीच चव, हेच दाणे. ते दरवर्षी मिळेल ना?"

मी म्हटलं, पावसावर आहे. काही वर्षी तांबडा जास्त, काही वर्षी ठोकळ.

"हां, ते चालेल. सात आहेत तोवर चालेल."

सांगायला हवं होतं तिथंच. सांगितलं नाही. पुढे कोणी काही विचारलं नाही आणि मी फोन ठेवला. यंदाच्या पाकिटावर सात लिहिलेलं खरंच आहे. इतकं खरं की त्याच्याआड सहज बसता येतं.

४ मे

आक्काचा फोन. दत्ताच्या मोबाइलवरून. ती फोनमध्ये ओरडून बोलते, मधे आजरा घाट आहे तो ओलांडायचा असल्यासारखं.

"बरी हाईस न्हवं? आवाज का असा?"

"बरी आहे."

ऑपरेशनचं तिला सांगितलेलं नाही.

"बी कसं हाय? भुंगा न्हाय न्हवं लागला?"

"नाही आक्का."

"ऊन दावलंस न्हवं?"

"हो."

दोन्ही उत्तरं खरी होती. शालनने प्रत्येक डबा उन्हात ठेवून भरला होता.

"या महिन्याच्या शेवटाला ये. रान नांगरून ठिवलंय दत्तानं. तोंड वाकडं करून का हुईना, नांगरलंय." मागून दत्ताचा आवाज, 'आई, बास की.' मग फोन बंद. ती फोन ठेवते म्हणत नाही, बंद करते.

फोन झाल्यावर बराच वेळ बसून राहिले. काही वाटायला हवं होतं. अपराधी वगैरे. शोधून पाहिलं.

७ मे

चौकशी केली, जिथं जिथं करता आली. आजऱ्याच्या बाजारातले दोन बी विकणारे. शेतकी ऑफिसात श्रीचा एक मित्र. गडहिंग्लजकडच्या एक बाई, ज्या जुनं बी जपतात. काळं भात बऱ्याच जणांकडे आहे. काळ्या टरफलाचं, लांब कुसळांचं, उताराला येणारं, कुणाकडे नाही. एकजण म्हणाला, आमच्या आजोबांच्या वेळेला होतं. एकजण म्हणाला, "ते कशाला पायजे? त्याला उतारा पडत न्हाय, दाणा कमी येतोय."

११ मे

शालन आली. मी मं. पेठेत होते, रेखाही. आजारी असल्याचं कुणी काढलं नाही. पिशवीतून एक पुडकं काढून माझ्यापुढे ठेवलं.

हातकणंगल्याला तिचा मावसभाऊ आहे. त्याच्या ओळखीतल्या एकाने कुठल्याशा प्रदर्शनातून काळ्या भाताचं बी आणून लावलं होतं. शालन एस.टी.ने जाऊन घेऊन आली. सकाळी गेली, दुपारी परत. जेवली नव्हती.

पाहिलं. दाणा जांभळा, टरफलही काळपट, पण गुळगुळीत. कुसळ नाही. हे सपाट रानाचं, पाटाच्या पाण्याचं भात. उतारावर टिकायचं नाही.

"मिसळून टाकूया," शालन म्हणाली. खालच्या आवाजात, रेखाला ऐकू जाऊ नये असं. "काळं ते काळं. म्हातारीला काय दिसतंय आता?"

रेखाने आणि मी सहा डबे आज दुपारीच परातीत ओतून एकत्र केले होते. मी पुडक्यातलं मूठभर घेतलं, परातीवर धरलं. 

टाकलं नाही. मोठं काही कारण नव्हतं. आक्काची भीती वाटली.

"डुकरांना हे आवडेल," म्हटलं. शालनला एकदम हसू फुटलं, मग पदर तोंडाला लावून रडायला लागली. तिचं आटपेपर्यंत मी परातीतलं भात हाताने खालीवर करत राहिले. सगळीकडे सगळं सारखं लागलं पाहिजे.

१६ मे

डॉ.कडे. सगळं ठीक. उचलायला अजून नको. प्रवास चालेल, खड्डे सांभाळून. "मूड कसा आहे?" मी म्हटलं, नाही. त्यांना वाटलं मी प्रश्न ऐकला नाही. पुढचा पेशंट आला.

२५ मे

काल आजऱ्याला जाऊन आलो. श्री गाडी चालवत, मी शेजारी, मागे शालन, मांडीवर पोतं. येते म्हणून ती आदल्या दिवशीच सांगून गेली होती. "तुमी एकट्या गेला तर सगळं सवतावर घ्याल. मला ठावं हाय."

गाव आजऱ्याच्या पुढे, रस्ता संपतो तिथं. आक्का अंगणात. दत्ता कुरीची नळी साफ करत होता, पेरणीची तयारी. पाहुण्यांना पाणी, गूळ. श्रीला खाट. आक्काला धीर नव्हता. पोत्याचं तोंड सोडलं, हात कोपरापर्यंत आत घातला, ढवळलं, मूठ बाहेर काढून तळहात उन्हात धरला. परत घातला. परत.

तिसऱ्या वेळी म्हणाली, "काळी कुठं हाय?"

मी तोंड उघडायच्या आत शालन. "आक्का, मी निवडून काढली. माझी चूक हाय."

"कशापायी?"

"ताईचं आपरेशन झालं. पोटाचं. पेजंसाठी काढली."

आक्काने शालनकडे बघितलंच नाही नंतर. माझ्याकडे. वरपासून खालपर्यंत, बैल बघतात तसं.

"सगळी?"

"सगळी," मी म्हटलं. "मला बी आहे हे माहीत होतं. त्यांना सांगायचं माझ्याकडून राहिलं. आणि पेज कसली ते मी विचारलं नाही. फोनवरही तुम्हाला सांगितलं नाही."

दत्ताने नळी खाली ठेवली.  कोंबडी पोत्याजवळ आली, तिला आक्काने पायाने सारलं.

"लागली कशी?"

मला आधी कळलं नाही काय विचारतेय.

"पेज गं. लागली कशी? माझी सासू करायची. मी चार बाळंतपणात खाल्ली. गोडसर लागती. भाजल्या शेंगंवानी वास."

खोटं बोलता आलं असतं. तिने वासासकट उत्तर हातात दिलं होतं.

"मला तेव्हा काही लागतच नव्हतं आक्का. कळलं नाही."

तिने मूठ उघडून दाणे पोत्यात सोडले. "मग वायाच गेली की."

रागाने नाही. पाऊस गेला, म्हैस आटली, तशा आवाजात. शालन हुंदके देत होती. श्री खाली बघत. मला कान गरम झाल्यासारखं वाटलं, नक्की सांगता येत नाही.

दत्ता म्हणाला, "आता तर सहा ऱ्हायल्या. डुक्कर सोडतंय व्हय? आई, ऊसच लावूया."

"तू गप. कुरी जोड."

आणि सहाचं बी पेरलं. कोरड्या मातीत, पाऊस यायच्या आधी, दरवर्षीसारखं. बैल शेजाऱ्यांचे. दत्ता कुरीमागे, आक्का कुरीवरच्या चाड्याच्या लाकडी वाटीत हाताने बी सोडत, सरळ ओळीत. मी बांधावर बसले होते. वाकायचं नाही.

निघताना चहा. तिथं आक्का पहिल्यांदा पुढचं बोलली, कपबशीत बघत. "काळी गळकी हाय. कापायच्या आत निम्मी खाली पडती. म्हणून तर लोकांनी सोडली तिला. मागल्या सालचं पडल्यालं मातीत असंल. असंल न्हाय तर नसंल. पाखरांनी खाल्लं असंल, दत्तानं नांगर खोल घातला असंल तर कुजलं असंल."

"उगवेल?"

"उगवलं तर ओळीत न्हाय उगवायचं. मधल्या पट्टीत उगवंल. आन् मधलं सगळं भांगलणीला बायका उपटून टाकत्यात." बशी खाली ठेवली. "भांगलायला ये. बांधावर बस. ओळीभाईर भातासारखं काय दिसलं तर उपटू दिऊ नको. मी एकटी सगळ्या पातीवर न्हाय पुरायची."

दत्ता म्हणाला, "मधलं ऱ्हाऊ दिलं आन् ते देवभात निघालं तर? सगळं रान नासंल. पुढच्या वर्षी कापायला पण नको." देवभात म्हणजे रानटी, आपोआप उगवणारं. दिसतं भातासारखंच, दाणा हाताला लागत नाही. आणि दरवर्षी वाढतं.

आक्का म्हणाली, "मग नासंल."

परतीला घाटात शालन म्हणाली, "ताई, मी पण येणार भांगलायला. पण मी उपटणाऱ्यांत न्हाय हं."

२ जून

कुलकर्णींना सांगितलं. पुढच्या वर्षी कदाचित सहाच. का, तेही. मग म्हणाले, "हे चिठ्ठीत लिहूया का? लोकांना भिडतं असं."

नको म्हटलं.

मग त्यांनी पुढच्या वर्षीचं नंतर बघू म्हटलं. यंदाची खेप गेली. शालनने प्रत्येक पाकीट उजेडात धरून बघितलं. आता ती उलटं करते: ज्यात काळसर-तांबूस दाणा दिसत नाही ते पाकीट उघडून परत भरते. रेखा म्हणते, "हिला येड लागलंय." चिठ्ठीत 'सात' आहे.

१९ जून

श्रीने मीठ घातलं होतं, जास्त. खारट आहे, म्हटलं. तो जेवता जेवता थांबला. मग परत जेवायला लागला. 

६ जुलै

आक्काचा फोन. "आईतवारी ये. तण उठलंय." बंद.

१३ जुलै

आजच आले. कपडे अजून ओलेच, लिहून मग बदलते.

पाऊस बारीक, न थांबणारा. अर्ध्या एकरात आठ बायका, डोक्यावर इरली, काहींवर प्लास्टिकचे कागद. गप्पा जोरात. शालन त्यांच्यात बसून एका तासात सगळ्यांच्या सुनांची माहिती काढून मोकळी. मी बांधावर, छत्री, खाली उपडी पाटी. आक्का खालच्या टोकाला. दत्ता वरच्या.

ओळी स्पष्ट आहेत. सहा जातींच्या रोपांत फरक मला दिसत नाही, आक्काला दिसतो. मधल्या पट्टीत तण. बायकांचे हात वेगाने चालतात, विचार न करता. तीन वेळा मी ओरडले, थांबा म्हणून. तिन्ही वेळा गवत निघालं. एक बाई म्हणाली, "पावणीबाई, तुमी घरी जावा, आमचा रोज बुडवाल." सगळ्या हसल्या. मलाही हसावं लागलं.

दुपारनंतर, वरच्या पातीला, मधल्या पट्टीत एका जागी चार-पाच काड्या. बुडाला काळपट जांभळ्या. पान भाताचं. पानाच्या बेचक्यातली पातळ जीभही भाताची, त्यातल्याच एकीने पान ओढून दाखवली.

आक्काला हाक मारली. ती चिखलातून चढून आली, गुडघ्यांवर हात ठेवून बसली, पान दोन बोटांत धरलं, वास घेतला. बराच वेळ.

"काळीचं बूड असंच असतंय." मग, "देवभाताचं पण."

"मग?"

"कुसळ आल्याबिगर न्हाय कळायचं. दिवाळीच्या आगंमागं."

दत्ता येऊन उभा राहिला होता. "देवभात असंल तर दिवाळीपर्यंत पडंल खाली सगळं. मग काय करायचं?" आवाज चढवला नाही त्याने. खरंच विचारत होता. आक्काला नाही, मला.

आक्काही माझ्याकडेच बघत होती. ती म्हणू शकली असती. म्हणाली नाही.

भांगलणाऱ्या बाईचा हात तसाच, मूठ बुडख्याशी, ओढायच्या बेतात. पावसाचं पाणी तिच्या कोपरावरून खाली. तिला पुढे जायचं होतं, ओळ मागे पडत होती.

"काय करू बाई? बोला की."

मला ओळखता आलं नाही. मी नुसतं बघत होते.

राहू दे, म्हटलं.

तिने बुडाशी माती दाबली आणि पुढच्या तणाला हात घातला.